न खाल्लेली चरबी

"गो बाय, मिया तेल-तूप तोंडाक लावणंय नाय. मगे ह्या खयसून इला?"

रिपोर्टवर ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, पुढचा आकडा बघितला की आमच्या काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो. वेंगुर्ल्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. कुठलं औषध घ्यायचं हे डॉक्टर सांगतात, ते माझं काम नाही. पण हा प्रश्न औषधाचा नसतोच. माणूस खरोखर बुचकळ्यात पडलेला असतो. घरात तूप येत नाही, तळलेलं कधीच बंद झालंय, घरच्या बाईने वाटपातला नारळसुद्धा निम्म्यावर आणलाय, आणि तरी कागदावर ३४० छापून आलेत. त्याला "तेल कमी करा" एवढंच सांगून परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण तो खरं बोलतोय. ती चरबी त्याने खाल्लेली नाही. ती त्याच्या यकृताने बनवली आहे, किंवा त्याच्याच पोटावरची उचलून पुन्हा रक्तात सोडली आहे. हे कसं घडतं ते काउंटरवर उभ्या उभ्या सांगता येत नाही, मागे रांग असते. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सिरमपासून सुरुवात करते, कारण ते मला रोज दिसतं. रक्त गोठू दिलं आणि ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी तळाला बसतात आणि वर सिरम उरतं. चांगलं सिरम फिकट पिवळं आणि नितळ असतं, ट्यूबमागे धरलेल्या कागदावरची अक्षरं त्यातून वाचता येतात. ट्रायग्लिसराइड १५०च्या आत असावं असं मानतात. ३००च्या पुढे गेलं की सिरम गढूळ व्हायला लागतं आणि हजाराच्या घरात ते पांढरं, दुधाळ दिसतं. अशा सॅम्पलवर बाकीच्या तपासण्याही धड होत नाहीत, कारण आमचं मशीन द्रवातून प्रकाश सोडून मोजतं आणि चरबीचे कण तो प्रकाश विखरून टाकतात. शिवाय एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, बहुतेक वेळा थेट मोजलेलं नसतं, हिशेबाने काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. फ्रीडवाल्ड यांचं हे १९७२चं सूत्र ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की चालत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये एलडीएलची जागा रिकामी असेल तर कारण बहुधा हेच, लॅबवाल्यांवर रागावू नका.

गढूळ सिरम रात्रभर फ्रिजमध्ये उभं ठेवलं तर सकाळी ते बरंच काही सांगतं. कधी वर साय धरलेली असते आणि खालचा द्रव स्वच्छ. ही साय म्हणजे कायलोमायक्रॉन, जेवणातल्या चरबीचे कण. आतड्याच्या पेशी खाल्लेलं तेल या कणांत बांधतात, आणि ते सरळ यकृताकडे न जाता लसिकावाहिन्यांतून वर चढून मानेजवळच्या मोठ्या शिरेत उतरतात. निरोगी माणसाच्या रक्तातून हे कण बारा तासांत नाहीसे होतात. उपाशीपोटी या असं आम्ही बजावतो ते यासाठीच. आता दुसरा प्रकार. साय धरतच नाही, सगळं सिरम वरपासून खालपर्यंत सारखंच गढूळ राहतं. हे व्हीएलडीएलचे कण. ते आतड्यातून येत नाहीत, यकृत ते बांधतं आणि रक्तात सोडतं. उपाशीपोटी आलेल्या सॅम्पलमध्ये बहुतेक वेळा मला हेच दिसतं. रात्रीच्या बांगड्याचं तेल केव्हाच जिरून गेलेलं असतं. उरतो तो यकृताचा माल.

प्राणी पिठापासून चरबी बनवतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात मोठ्या भांडणानंतर ठरली. फ्रान्समध्ये द्युमा आणि त्यांच्या बाजूचे रसायनशास्त्रज्ञ म्हणत होते की चरबी फक्त वनस्पती बनवतात, जनावर ती खाऊन अंगावर ठेवतं, बस. जर्मनीत लीबिख यांचं म्हणणं होतं की जनावराचं शरीर पिष्टापासून स्वतः चरबी करतं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतावर लॉझ आणि गिल्बर्ट यांनी १८५०च्या सुमारास डुकरांवर सरळ हिशेब मांडला. एकाच वेतातल्या पिलांपैकी एकाच्या अंगातली चरबी आधीच मोजली, दुसऱ्याला मोजून खाणं घालून पुष्ट केलं आणि मग त्याची मोजली. अंगावर चढलेली चरबी खाण्यातल्या चरबीपेक्षा कितीतरी जास्त भरली. लीबिख बरोबर ठरले. काउंटरवरच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं पावणेदोनशे वर्षांचं जुनं आहे, आणि तरी आपल्याकडे डाएट म्हटलं की हात पहिल्यांदा तेलाच्या बुधलीकडे जातो.

आता यकृताच्या आत.

भाताचं, पेजेचं, घावण्याचं पिष्ट आतड्यात ग्लुकोज होऊन यकृतात पोचतं. तिथे पहिली सोय ग्लायकोजेनची, म्हणजे ग्लुकोजच्या साठ्याची. पण ती जागा तोकडी: यकृतात साधारण १०० ग्रॅम, सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. ग्लायकोजेन पाणीही धरून ठेवतं, ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे साठा जड. चरबी पाण्याशिवाय साठते, आणि पिष्टाच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात तिथे चरबीच्या ग्रॅममधून ९. जो माणूस पहाटे होडी घेऊन गेला, जाळी ओढून आला, त्याच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन खर्च झालेलं असतं. त्याचा दुपारचा भात तिथेच सामावतो. त्याचा भाऊ दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसून तेवढाच भात जेवतो. याचे साठे सकाळपासून भरलेलेच आहेत. एका घरची दोन ताटं, एक आमटी, एक भात, आणि रिपोर्ट वेगळे. असे भाऊ माझ्यासमोर येतात, आणि गल्ल्यावरच्या भावाला वाटतं की दोष तेलाचाच.

जास्तीचं ग्लुकोज तुटत तुटत असिटिल-कोए नावाच्या दोन कार्बनच्या तुकड्यापर्यंत येतं. यातली शेवटची पायरी घडते मायटोकॉन्ड्रियात, पेशीच्या ज्या भागात इंधन जळतं तिथे. चरबी मात्र मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर, पेशीद्रवात बनते, आणि असिटिल-कोएला मधल्या पडद्यातून बाहेर पडता येत नाही. त्यासाठी शरीराने जी युक्ती केली आहे ती मला फार आवडते. खाडीवर पूल नव्हते तेव्हा माणसं तरीत बसून पलीकडे जात, तसा हा दोन कार्बनचा तुकडा सायट्रेटमध्ये बसून बाहेर येतो. सायट्रेट म्हणजे लिंबाच्या आम्लाचंच रूप. पलीकडे धक्क्यावर एटीपी सायट्रेट लायेज नावाचं एन्झाइम उभं असतं. ते सायट्रेट तोडून दोन कार्बनचा प्रवासी उतरवून घेतं. हे एन्झाइम लक्षात ठेवा, कोकमाच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

पुढची पायरी म्हणजे या सगळ्या कामाचा खरा नळ. असिटिल-कोएवर आणखी एक कार्बन चढवून मॅलोनिल-कोए करायचं. करणारं एन्झाइम असिटिल-कोए कार्बोक्झिलेज, आणि त्याला बायोटिन हे जीवनसत्त्व लागतं. इन्सुलिन वाढलं की नळ उघडतो. उपास पडला, धावपळ झाली, ग्लुकागॉन किंवा ॲड्रेनलिन ही इन्सुलिनच्या उलट काम करणारी संप्रेरकं वाढली की बंद होतो. मॅलोनिल-कोएचं दुसरं काम तितकंच मोलाचं आहे: चरबीला जळण्यासाठी मायटोकॉन्ड्रियात शिरायचं जे दार असतं ते मॅलोनिल-कोए अडवून धरतं. त्यामुळे यकृत चरबी बनवत असताना ती जाळत नाही. जेवणावर जेवण, मध्ये चहा-खारी, संध्याकाळी शेव, रात्री पुन्हा भात अशी ज्याची दिनचर्या, त्याच्या यकृतातलं हे दार दिवसाचा बराच वेळ अडलेलं राहतं. मी लोकांना "किती खाता" याच्या आधी "कितीदा खाता" असं विचारते ते म्हणूनच.

मग फॅटी ॲसिड सिंथेज नावाचं मोठं एन्झाइम फॅटी ॲसिडची, म्हणजे चरबी जिची बनते ती कार्बनची, साखळी विणायला घेतं. दर फेरीला दोन कार्बन वाढतात. सात फेऱ्या झाल्या की सोळा कार्बनची साखळी सुटी होते, ती पामिटिक ॲसिड. एका साखळीला असिटिल-कोएचे आठ तुकडे लागतात, शिवाय सात एटीपी आणि चौदा एनएडीपीएच, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. काम फुकट होत नाही, साखरेतली जवळपास पाव ऊर्जा या रूपांतरातच खर्ची पडते. पुढे गरजेप्रमाणे पामिटिकला आणखी दोन कार्बन जोडून स्टिअरिक, आणि स्टिअरिकमध्ये एक दुहेरी बंध घालून ओलेइक ॲसिड होतं, जे ऑलिव्हच्या आणि शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असतं. फॅटी ॲसिड आणि कोलेस्टेरॉल शरीरात कसे घडतात या शोधांसाठी फेओडोर लिनेन आणि कॉनराड ब्लोख यांना १९६४चं नोबेल मिळालं.

साखरेबद्दल आणि माडीबद्दल इथेच सांगून टाकते. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. त्यातलं बरंचसं यकृतच उचलतं, आणि ग्लुकोजच्या वाटेवर जी मुख्य चौकी आहे ती टाळून ते आत शिरतं, त्यामुळे चरबी बनवायला कच्चा माल झरझर मिळतो. दारू, मग ती कुठलीही असो, यकृतात जळताना चरबीचं जळणं मागे सारते. संध्याकाळी माडी आणि सकाळी लिपिड प्रोफाइल, असं सॅम्पल बघून काही कळत नाही. आंबा खाऊ नका असं मी सांगणार नाही. आमरसात वरून साखर घालू नका, एवढं मात्र हात जोडून सांगेन.

आता कोकम.

माझ्या माहेरी परसात रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं, आहेत. मे महिन्यात पाऊस यायच्या आत फळं उतरवायची, फोडायची, सालं वेगळी, बिया वेगळ्या. सालं रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, तेव्हा ती काळपट, मऊ सोलं होतात. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळतात आणि वर येणारं तेल काढून घेतात. ते थंड झालं की घट्ट बसतं, हातानेच त्याचे गोळे वळतात. पायाच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. या तेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक ॲसिड आहे आणि उरलेल्यात बहुतेक ओलेइक. दोन्ही अठरा कार्बनची. म्हणून ते चाळिसेक अंशांपर्यंत वितळत नाही, वैशाखातसुद्धा गोळा गोळाच राहतो. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड, बारा कार्बनचं. ते पंचवीस अंशांच्या आतच गोठतं, आणि डिसेंबरच्या पहाटे बाटली उलटी केली तरी एक थेंब पडत नाही. साखळी किती लांब, त्यात दुहेरी बंध किती, यावर तेल ओतायचं की वळायचं हे ठरतं. ही रसायनशास्त्राची गोष्ट आपल्या फडताळात वर्षभर घडत असते.

आणि त्याच फळाच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक ॲसिड आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली कोकमाच्या केरळी भावंडाच्या सालीतलं मुख्य आम्ल हेच असल्याचं दाखवलं. केरळात त्याला कुडमपुळी म्हणतात आणि माशाच्या कालवणात घालतात, आपण सोलं घालतो तसंच. नंतर अमेरिकेत लोवेन्स्टाइन यांच्या प्रयोगशाळेत आढळलं की हे आम्ल दिसायला सायट्रेटसारखं असल्यामुळे धक्क्यावरच्या त्या एन्झाइमला चिकटून बसतं आणि सायट्रेट तुटू देत नाही. दोन कार्बनचा प्रवासी तरीतच अडकतो. उंदरांना ते दिल्यावर यकृतात चरबी बनण्याचा वेग खरोखर घटला.

इथून पुढे बाजार सुरू झाला. गार्सिनियाच्या, म्हणजे कोकमाच्या जातकुळीतल्या झाडांच्या, गोळ्या, कोकमाचं कॅप्सूल, "चरबी वितळवणारं" सरबत. आमच्याकडे येणाऱ्या बायका पर्समधून बाटली काढून दाखवतात, घेऊ का विचारतात. त्यांना मी १९९८ची चाचणी सांगते. जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली होती. वजन जास्त असलेली १३५ माणसं, १२ आठवडे, निम्म्यांना हायड्रॉक्सिसायट्रिक ॲसिड, निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी, आणि खाणं दोन्हीकडे सारखंच बेताचं. औषधवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरलं, कोऱ्या गोळीवाल्यांचं ४.१ किलोंनी. म्हणजे गोळीचा फायदा काहीच दिसला नाही. उंदरात दिसलेलं माणसात का दिसलं नसावं, याचा एक धागा पुढे येईलच. उलट अशा गोळ्या घेतल्यावर यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. सोलकढी प्या, आगळाचं सरबत प्या, जेवणानंतर बरं वाटतं, आणि आपल्या झाडाचं आहे. साखर मात्र बेताने. पण सालीचा अर्क काढून त्याची गोळी करून यकृतावर सोडू नका. कोकमावर माझं प्रेम आहे म्हणूनच हे कळकळीने सांगते.

बनलेली चरबी राहते कुठे? यकृताने ती साठवायची नसते. तीन फॅटी ॲसिड ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडली की ट्रायग्लिसराइड होतं, ते व्हीएलडीएलमध्ये भरून यकृत रक्तात सोडतं. चरबीच्या ऊतींतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम असतं. ते कणातल्या ट्रायग्लिसराइडमधून फॅटी ॲसिड सुटी करतं, ती मेदपेशीत शिरतात आणि तिथे पुन्हा ट्रायग्लिसराइड होतं. पेशीच्या आत-बाहेर जाताना दर वेळी तोडायचं आणि पलीकडे पुन्हा जोडायचं. जोडायला लागणारं ग्लिसरॉल मेदपेशी मुख्यतः ग्लुकोजपासून करते, म्हणजे जेवणानंतरचं ग्लुकोज आणि इन्सुलिन या दोघांची साठवणीला मदत होते. मेदपेशीत चरबीचा एकच मोठा थेंब असतो, एवढा की पेशीचं केंद्रक कडेला दाबलं जातं.

हा साठा मेल्यासारखा पडून राहतो असं फार दिवस मानत होते. शोनहायमर आणि रिटेनबर्ग यांनी १९३५च्या सुमारास उंदरांना जड हायड्रोजनची खूण केलेली चरबी खाऊ घातली. उंदरांना पोटभर खायला दिलेलं नव्हतं, त्यांचं वजन उतरत होतं. तरीही खुणेची चरबी आधी साठ्यात जाऊन बसली आणि साठ्यातली जुनी जळायला बाहेर पडली. म्हणजे तुमच्या पोटावरची चरबी कालची नाही आणि उद्याचीही नाही, ती सतत बदलते आहे. रात्री इन्सुलिन उतरलं की मेदपेशीतले चरबी तोडणारे लायपेज जागे होतात, फॅटी ॲसिड सुटून रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून हृदयाकडे, स्नायूंकडे, यकृताकडे जातात. आपण झोपेत असताना मोठ्या प्रमाणात याच इंधनावर चालतो.

आणि इथे मला काउंटरवरच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग सांगायचा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. भातापासून चरबी बनते हे खरं, पण सडपातळ, निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या व्हीएलडीएलमध्ये अशी ताजी बनलेली चरबी अगदी थोडी असते, शंभरात पाचाहूनही कमी. फॅटी लिव्हर झालेल्या जाड माणसांवर अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या अभ्यासात, २००५ साली, यकृतातल्या चरबीचा माग काढला: २६ टक्के यकृताने स्वतः बनवलेली, १५ टक्के जेवणातली, आणि तब्बल ५९ टक्के अंगावरच्या साठ्यातून सुटून आलेली. कोकमाच्या गोळीचा तो धागा हाच असावा असं मला वाटतं. बनवण्याचा एक नळ थोडा आवळला तरी मोठा प्रवाह दुसरीकडून येतो आहे. इन्सुलिनचं ऐकणं मेदपेशींनी सोडलं की त्या वेळी-अवेळी फॅटी ॲसिड सोडत राहतात, आणि यकृत ती गोळा करून पुन्हा व्हीएलडीएलमध्ये भरतं. तेच माझ्या ट्यूबमध्ये गढूळ दिसतं.

"पण मी खय जाडो आसंय?" हा पुढचा प्रश्न. हातापायाच्या काड्या, वजन साठ किलो, आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड टू. याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात आहे. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडची माणसं बारीक दिसतात पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. याज्ञिकांच्या पुणे परिसरातल्या अभ्यासात तर हे जन्मापासूनच दिसलं: आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखून असलेली. आईच्या पोटातल्या कुपोषणाचा त्यात हात आहे. ज्या पिढीच्या आयांनी भाताच्या पेजेवर आणि मिठाच्या खड्यावर बाळंतपणं काढली, त्यांची मुलं आज माझ्यासमोर पन्नाशीची होऊन बसतात. त्यांना "तुमचं खाणं चुकलं" म्हणताना माझी जीभ रेटत नाही. कातडीखाली साठवायची जागा त्यांची लवकर भरते, आणि मग चरबी यकृतात, आतड्यांभोवती, स्नायूंत घुसते. म्हणून आपल्याकडे वजनाच्या काट्यापेक्षा कमरेची टेप जास्त खरं बोलते. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही आपली मर्यादा धरतात. बीएमआय २३ च्या वर गेला की आपल्यासाठी ते जास्तच.

तेलाबद्दल एक सांगायचं राहिलं. सगळं तेल बंद करणाऱ्यांना मी थांबवते, कारण काही फॅटी ॲसिड शरीराला बनवताच येत नाहीत. साखळीच्या नवव्या कार्बनच्या पलीकडे दुहेरी बंध घालणारं एन्झाइम आपल्याकडे नाही. त्यामुळे लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन बाहेरूनच घ्यावी लागतात. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली उंदरांना चरबी पूर्ण वगळलेलं खाणं दिलं, तर त्यांची वाढ खुंटली आणि शेपटीवर खवले आले. माशातली ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची फॅटी ॲसिडं मासासुद्धा बहुतेक स्वतः बनवत नाही, ती समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून त्याच्या अंगात येतात. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यानंतर पाण्यात खाद्य भरपूर होतं आणि तारली अंगाने भरते. तव्यावर टाकली की तिचंच तेल सुटतं. महागडी सुरमई परवडत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी त्या दिवसांत तारली आणि बांगडा आणावा, तिरफळ घालून कढी करावी. रव्यात घोळवून बुडत्या तेलात तळली तर तारलीचा फायदा तळणीत जातो. खोबरेल मात्र बेतानेच, त्यातलं लॉरिक ॲसिड एलडीएल वाढवतं. फोडणीला एखादा चमचा घेतला म्हणून कोणी घाबरू नये.

डॉक्टरांकडे जाण्याआधी काय करू, असं विचारतात त्यांना मी सांगते: ताटातला भात आधी निम्म्यावर आणा आणि त्या जागी मासा, कुळथाची पिठी, उसळ, भाजी वाढवा. दोन जेवणांच्या मध्ये काही खाऊ नका. साखरेचा चहा आणि दारू थांबवा. रात्री जेवून लगेच आडवं होण्याऐवजी बंदराच्या रस्त्यावर अर्धा तास चालून या, म्हणजे स्नायू ग्लुकोज ओढून घेतील. ट्रायग्लिसराइड हा आकडा कोलेस्टेरॉलपेक्षा लवकर हलतो, काही आठवड्यांत फरक दिसू शकतो. पाचशेच्या वर असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हजाराच्या पुढे स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. डायबेटिस किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर तेही त्यांना सांगा, ही दोन्ही कारणं ट्रायग्लिसराइड वाढवतात.

पुन्हा तपासायला याल तेव्हा रात्रीचं जेवण आठच्या आत उरका आणि सकाळी आठ-साडेआठला या. मध्ये फक्त पाणी, ते हवं तेवढं. चहा नाही, बिनसाखरेचाही नको. आधीचे दोन-तीन दिवस लग्नाचं, पूजेचं जेवण टाळा आणि दारू घोटभरही घेऊ नका. चालू गोळ्या बंद करायच्या का ते डॉक्टरांना विचारून या, आणि मागचा रिपोर्ट घेऊन या.